बॅटरीच्या हिशेबाची पंचवीस वर्षे

चंद्रपूरच्या उत्तरेला दुर्गापूर इथे महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. पुढे संच वाढत गेले, सुरुवातीचे दोन बंद झाले, आणि आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळसा भोवतालच्या खाणींचा, पाणी इरई धरणाचे, राख आणि धूर इथल्याच लोकांच्या वाट्याचा. १९९९मध्ये चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाबाची डीसी वाहिनी सुरू झाली. दीड हजार मेगावॅट वीज राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला नेण्याची तिची ताकद. त्याच काळात या केंद्रापासून दोनशे किलोमीटरच्या आत, एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या तालुक्यांत कितीतरी गावांत विजेचा खांबही पोचला नव्हता. जिथे खांब होता, तिथे तारेत वीज असेलच याची खात्री नव्हती.

हे आधी सांगतो, कारण लॅपटॉपची बॅटरी कशी वाचवावी यावर जे काही छापून येते ते बहुधा प्रवासात असलेल्या शहरी माणसासाठी असते. दोन तासांनी त्याला कुठेतरी प्लग मिळणारच असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बॅटरीवर अवलंबून होते ते वनहक्काचा दावा मुदतीत जाणे, तेंदूच्या मजुरीची यादी पुरी होणे, शेतकऱ्याचा फेरफार चढणे. मी इथे संगणक शिकवण्याचे काम केले, नंतर संस्था आणि ग्रामसभा यांच्या कागदपत्रांत, नकाशांत आणि हिशेबांत हात घातला. या पंचवीस वर्षांत बॅटरी वाचवण्याची रीत कशी घडत गेली, ते एकदा लिहून ठेवावे असे फार दिवस मनात होते.

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. विजेशिवाय काम उभे करण्याची इथली परंपरा त्याहूनही जुनी आहे. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३च्या डिसेंबरात सुरू झाला आणि पहिली अनेक वर्षे तिथला दवाखाना कंदिलाच्या उजेडात चालला. संगणक या भागात आला तेव्हा असा विजेविना निभावून नेणारा स्वभाव तयारच होता. पुढे जे घडले त्यात या स्वभावाचा वाटा मोठा आहे.

पहिली काही वर्षे डेस्कटॉपची. २००१नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग वडसा, ब्रह्मपुरी, अहेरी, चिमूरसारख्या गावांत निघाले. प्रत्येक यंत्राखाली एक यूपीएस. लाइन गेली की सगळे यूपीएस एकाच वेळी ओरडायला लागत, मुले घाईघाईने फाइल सेव्ह करत, आणि दहा-पंधरा मिनिटांत खोली काळोखी. २००५मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले आणि त्याच सुमारास भारनियमनाने टोक गाठले. खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास लाइन नसे. वर्गाचे वेळापत्रक भारनियमनाच्या तक्त्याला बांधलेले, आणि तो तक्ता आठवड्याला बदलणार. काहींनी डिझेल जनरेटर घेतले. मुलांच्या फीचा मोठा भाग डिझेलच पिऊन टाकत असे. या पार्श्वभूमीवर कुणा संस्थेकडे पहिला लॅपटॉप आला, तेव्हा त्याचे अप्रूप त्याच्या हलकेपणाचे नव्हते. लाइन गेल्यावरही तो चालू राहतो, एवढीच त्याची मोठी गोष्ट होती.

ते लॅपटॉप बहुतेक जुने, नागपूरच्या सीताबर्डीतून घेतलेले किंवा एखाद्या प्रकल्पाच्या निधीतून आलेले. बॅटरी लिथियम-आयनची, सहा सेलची. सोनीने या प्रकारची बॅटरी १९९१मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली होती. तिच्यामागच्या संशोधनाला पुढे २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बॅटरीच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असायचे: १०.८ व्होल्ट, ४,४०० मिलीअँपिअर-तास. याचा गुणाकार केला की सुमारे ४८ वॉट-तास येतात. हा आकडा मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहीत असे, कारण त्यावरून सगळा हिशेब मांडता येतो. लॅपटॉप २४ वॉट खात असेल तर दोन तास. खाणे १२ वॉटांवर आणले तर चार तास. दोन तासांत ग्रामसभेचा ठराव आणि उपस्थितीची यादी टाइप होते. चार तासांत दाव्याची अख्खी फाइल होते. मुलांना हे एकदा कळले की ब्राइटनेस का कमी करायचा हे वेगळे सांगावे लागत नसे.

सगळ्यात जास्त वीज पडदा खायचा. तेव्हाच्या पडद्यामागे एलईडी नव्हते, बारीक ट्यूबलाइट असे. दुपारी पडवीत बसून काम करायचे म्हटले तर बाहेरच्या उजेडापुढे पडदा दिसत नाही, मग ब्राइटनेस शेवटपर्यंत चढवावा लागतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. म्हणून काम घराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत, नाहीतर पहाटे. गोंडी घरांतली आतली खोली या कामाला उत्तम. ब्राइटनेस तळाला नेला तरी अक्षर स्वच्छ दिसते. शहरात कुणी सांगितले नसते असे हे शहाणपण आहे. याच गरजेचे उत्तर जगात एकदा यंत्राच्या रचनेतच शोधले गेले होते. मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवणाऱ्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाच्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राचा पडदा मागचा दिवा बंद करूनही भर उन्हात वाचता यायचा. २००७मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या शाळेत ती यंत्रे आली होती. तो पडदा पुढे सर्वसाधारण लॅपटॉपमध्ये आला नाही याची मला आजही हळहळ वाटते. आमच्या पट्ट्यात त्याचे सोने झाले असते.

पडद्यानंतर क्रमांक प्रोसेसरचा. २००३मध्ये इंटेलचे सेंट्रिनो आले. काम नसताना आपला वेग आपणच उतरवणारे त्यातले प्रोसेसर आल्यानंतर लॅपटॉप खऱ्या अर्थाने बॅटरीवर जगायला लागला. मग फिरणारी हार्ड डिस्क, ड्राइव्हमध्ये विसरलेली सीडी, उगाच लावून ठेवलेला पेनड्राइव्ह, कुठेही नसलेले वायफाय शोधत राहणारा रेडिओ. यातली एकेक गोष्ट बंद करायची सवय मुलांना लागली ती पाठांतराने लागली नाही. ठराव टाइप होता होता यंत्र बंद पडले की पाच कोस चालत आलेला माणूस तसाच परत जायचा. ते एकदा पाहिले की पुरे व्हायचे.

स्लीप आणि हायबरनेट यांतला फरक तर इथे जिवाभावाचा होता. स्लीपमध्ये यंत्र झोपलेले दिसते, पण स्मृती जागी ठेवायला थोडी थोडी वीज घेतच राहते. हायबरनेटमध्ये सगळे डिस्कवर उतरवून ते पूर्ण बंद होते. संध्याकाळी धानोऱ्यात झाकण लावले आणि सकाळी आतल्या गावात उघडले, तर रात्रीतून गेलेली बॅटरी कुठून आणायची? म्हणून झाकण लावताच हायबरनेट, असे आमच्याकडच्या प्रत्येक यंत्रात करून ठेवलेले असे.

२००६चा वनहक्क कायदा आणि १ जानेवारी २००८चे त्याचे नियम आल्यावर लॅपटॉपचे काम एकदम वाढले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी तो एक. २०११च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन बांबूच्या वाहतूक पासाचे अधिकार ग्रामसभेच्या हाती दिले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२मध्ये हक्क मिळाला. पुढे गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना असे हक्क मिळाले. या प्रत्येक हक्कामागे एक फाइल आहे: ग्रामसभेचे ठराव, जुन्या माणसांचे जबाब, निस्तारपत्रकाच्या नकला, सीमेवरच्या टेकड्या-नाल्यांची नावे, नकाशा. फाइल गावातून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे जाणार. त्रुटी निघाली की परत गावात.

सीमेवर फिरताना जीपीएस यंत्र दोन पेन्सिल सेलवर चालायचे, त्याची काळजी नव्हती. काळजी असायची ती नकाशा लॅपटॉपवर चढवताना. उपग्रहाचे चित्र खाली, त्यावर बिंदू, बिंदूंना जोडणारी रेषा. या कामात प्रोसेसर एकदम तापतो, पंखा घोंगावतो, आणि चार तास चालणारी बॅटरी तासा-सव्वा तासात संपते. गावात लाइन नाही, गावकरी भोवती बसलेले, आणि म्हातारे सांगताहेत की नाला इथे नव्हे, त्या मोहाच्या पलीकडून वळतो. अशा वेळी जी रीत बसली तिला मी या सगळ्या काळातली सर्वांत मोठी बॅटरीबचत मानतो. आधी जमिनीवर खडूने किंवा मोठ्या कागदावर नकाशा काढायचा. वाद, दुरुस्त्या, आठवणी सगळे तिथेच. वहीत बिंदूंचे क्रमांक आणि त्यासमोर जागेचे गोंडी नाव. सगळ्यांचे एकमत झाले की मगच लॅपटॉप उघडायचा, आणि उघडला की फक्त उतरवून घ्यायचे. विचार कागदावर, यंत्रावर केवळ नक्कल. असे केले की पाऊण तासात नकाशा व्हायचा आणि बॅटरी निम्मी शिल्लक असायची. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नकाशा गावाचा व्हायचा. लॅपटॉप मध्ये ठेवून सुरुवात केली की सगळे पडद्याकडे बघत बसतात आणि ज्याच्या हातात माउस आहे त्याचेच चालते. वीज नव्हती म्हणून ही रीत बसली हे खरे, पण वीज आली तरी ती मोडू नये असे मला मनापासून वाटते.

तेंदूच्या हंगामातही हेच घडले. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे राज्यातले नियम २०१४मध्ये आले आणि त्यानंतर अनेक ग्रामसभा तेंदूपानांचे संकलन आणि विक्री स्वतः करू लागल्या. मे महिन्यातले पंधरा-वीस दिवस. पहाटे घरातले सगळे जंगलात, दुपारी घरी पाने जुळवून सत्तर-सत्तरचे पुडे बांधायचे, आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे. मुंशी प्रत्येक कुटुंबाच्या कार्डावर आणि आपल्या वहीत पुडे लिहून घेतो. त्याच यादीवर पुढे मजुरी आणि बोनस बँकेत जमा होणार, म्हणून एक आकडा चुकला तर एका घराची मजुरी अडकते.

सुरुवातीला उत्साही पोरे लॅपटॉप थेट फळीवर घेऊन बसत. धूळ, गर्दी, अपुरा उजेड, आणि माणूस येईपर्यंत नुसता जळत राहणारा पडदा. बॅटरी रात्रीच्या आत संपायची. मग रीत बदलली. हंगामाच्या आधी तालुक्याच्या गावी, लाइन असलेल्या ठिकाणी बसून एक्सेलचा तक्ता करून ठेवायचा: कार्ड क्रमांक टाकला की कुटुंबाचे नाव आणि खाते क्रमांक आपोआप यावा, पुडे टाकले की रक्कम यावी. फळीवर वहीच. रात्री किंवा पहाटे त्या दिवसाची पाने समोर घेऊन फक्त दोन रकाने भरायचे, क्रमांक आणि पुडे. मोठ्या गावाची नोंदही अर्ध्या तासात संपते. मराठीत नावे टाइप करण्यात जाणारा वेळ गेला आणि त्याबरोबर जाणारी बॅटरीही वाचली. दुसरा फायदा असा की वही कधी बंद पडत नाही. यंत्राला काही झाले तरी हिशेब गावात राहतो.

इथे जाता जाता ईव्हीएमची आठवण होते. २००४च्या लोकसभेपासून देशभर मतदान या यंत्रावर झाले. जंगल तुडवत मतदान पथके जिथे जातात तिथे वीज असो-नसो, यंत्र आपल्या बॅटरीवर दिवसभर चालते, कारण एकच काम नेमकेपणाने करावे आणि वीज कमीत कमी घ्यावी असाच विचार करून ते बनवले आहे. ताडोबात वाघ मोजायला झाडांना बांधलेले कॅमेरेही तसेच. समोरून ऊबदार अंग हलले तरच जागे होतात, म्हणून आठवडेच्या आठवडे टिकतात. लॅपटॉप असा एका कामाचा नाही. म्हणून त्याला एका वेळी एकच काम देण्याची शिस्त वापरणाऱ्याने आणायची.

या शिस्तीला खरा धक्का बसला तो इंटरनेटने. तलाठ्यांच्या हाती लॅपटॉप आले, ई-फेरफार सुरू झाले, १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ग्रामपंचायतीत आधी संग्राम, मग आपले सरकार सेवा केंद्र. काम सगळे सर्व्हरवर. आणि नेटवर्क? टेकडीवर एक काडी, गावात शून्य. बॅटरी कामाने संपायची ती आता वाट पाहण्याने संपू लागली. पान उघडायला पाच मिनिटे, तेवढ्यात लॉगिनची मुदत संपते, पुन्हा पहिल्यापासून. मोबाइलचे हॉटस्पॉट लावले तर लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही उतरतात, कारण लांबच्या टॉवरशी बोलायला मोबाइलला पूर्ण जोर लावावा लागतो. त्यात विंडोजचे अपडेट न विचारता उतरायला लागले की डेटाही गेला आणि बॅटरीही. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री एक-दोन वाजता उठून फेरफार करणारे तलाठी मी पाहिले आहेत. त्यांच्या कष्टांची नोंद कुठल्याही ई-गव्हर्नन्सच्या अहवालात नाही. २०२०च्या टाळेबंदीत तर पोरे टेकडीवर बसून वर्ग ऐकत, आणि चढताना चार्जिंग किती उरली आहे ते पाहूनच कुठला विषय ऐकायचा ते ठरवत.

यावरही लोकांनी मार्ग काढला. अर्जातली सगळी माहिती आधी नोटपॅडमध्ये टाइप करून ठेवायची, कागद स्कॅन करून मागितलेल्या आकाराचे करून ठेवायचे, आणि नेटवर्क असलेल्या जागी जाऊन फक्त चिकटवायचे. कनेक्शन मीटर्ड ठेवायचे म्हणजे अपडेट थांबते. नेट नको असेल तेव्हा विमान मोड. उपाय साधे आहेत, पण प्रत्येकामागे कुणाचा तरी वाया गेलेला दिवस आहे.

आता उन्हाळ्याविषयी. माझ्या मते या दोन जिल्ह्यांतला बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू भारनियमन नव्हे, ऊन आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातात. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे. म्हणजे टिनाच्या छपराखाली दुपारी चार्जिंगला लावणेच मुळात चूक. नुसती पडून राहिली तरी उष्णता तिला खाते. बॅटरीच्या अभ्यासकांचे एक प्रसिद्ध कोष्टक आहे: पूर्ण भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर साधारण ८० टक्के क्षमता उरते, ४० अंशांत ठेवली तर ६५ टक्के. तीच ४० टक्के भरून ४० अंशांत ठेवली तर ८५ टक्के उरते. आमच्याकडे लाइनचा भरवसा नाही म्हणून जो तो मिळेल तेव्हा शंभर टक्के भरून ठेवतो, आणि शंभर टक्के भरलेली बॅटरी मे महिन्याच्या उकाड्यात पडून राहते. भारनियमनाच्या भीतीने जी काळजी घेतली, तीच बॅटरी मारत होती.

त्यात जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला सल्ला लोकांच्या तोंडी राहून गेला होता की बॅटरी अगदी शून्यापर्यंत उतरवावी आणि मगच भरावी. लिथियमला हे मुळीच मानवत नाही. तिला मधल्या पट्टीत, वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवले तर ती जास्त वर्षे जगते. आज बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे. कार्यालयात कायम प्लगला लावलेल्या यंत्रात ती सुरू केलीच पाहिजे.

पण पावसाळा आला की हा नियम उलटतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तारांवर झाडे पडतात आणि लाइन कधी येईल याचा नेम नसतो. आभाळ भरून आले की मी स्वतः ऐंशीची मर्यादा काढून शंभर भरायला सांगतो, पॉवर बँका भरून ठेवायला सांगतो. बॅटरीचे आयुष्य थोडे कमी झाले तरी चालेल, पुरात अडकलेल्या गावाची यादी निघाली पाहिजे. उन्हाळ्यात बॅटरी वाचवायची, पावसाळ्यात बॅटरीने माणसे सांभाळायची, असा दोन ऋतूंचा हिशेब आहे.

धुळीचेही सांगायला हवे. घुग्घुस-बल्लारपूरकडचा लॅपटॉप उघडला की पंख्यात कोळशाची काळी धूळ, आलापल्लीच्या रस्त्यावरचा उघडला की सुरजागडच्या खनिजाची तांबडी. पंखा चोंदला की यंत्र तापते, पंखा आणखी जोराने फिरतो, बॅटरी दोन्ही बाजूंनी मार खाते. दर दिवाळीला आणि मेच्या आधी पंखा साफ करून घेणे एवढा एक उपाय नव्या बॅटरीच्या खर्चाला काही वर्षे थोपवतो.

तंत्रज्ञान या काळात आपल्या गतीने पुढे गेले आणि बऱ्याच गोष्टी सोप्या करून गेले. एसएसडी आल्या आणि खड्ड्यांच्या रस्त्याने हार्ड डिस्क मरणे थांबले. चार मिनिटांचे सुरू होणे वीस सेकंदांवर आले. प्रोसेसर इतके काटकसरी झाले की टायपिंगचे काम सहा-आठ वॉटांत होते. यूएसबी-सी आल्यापासून लॅपटॉप पॉवर बँकेवरही चालतो. पूर्वी सौर पॅनेलवरून बॅटरी, बॅटरीवरून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवरून अडॅप्टर असा द्राविडी प्राणायाम होता, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी वीज उष्णतेत जायची. आता डीसी ते डीसी सरळ भरता येते. दुर्गम भागातल्या आश्रमशाळांना आणि ग्रामसभांच्या कार्यालयांना याचा किती उपयोग आहे ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल.

एक गोष्ट मात्र आमच्या हातून काढून घेतली गेली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दोन खटके सरकवले की निघायची. एक यंत्रात, एक भरलेली झोळीत, असे करून लोक दोन दिवस आतल्या गावांत काम करून येत. गेल्या दशकात यंत्रे पातळ करण्याच्या नादात बॅटरी आत बंद झाली. पातळपणाची हौस मी समजू शकतो, पण त्यासाठी बॅटरी बदलण्याचा हक्क जावा हे मला मान्य नाही. आता बॅटरी गेली की यंत्र तालुक्याला, तिथून चंद्रपूर किंवा नागपूरला. खरी बॅटरी महाग, नकली स्वस्त. नकली बॅटरी वर्षभरात फुगते, टचपॅड वर उचलला जातो, आणि कित्येकदा ती तशीच वापरली जाते. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला तर अजिबात लावू नये.

मेलेली बॅटरी कुठे जाते हाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तालुक्याच्या गावांत मात्र त्या भंगारवाल्याकडे किंवा उकिरड्यावरच जाताना दिसतात. ज्या ग्रामसभा आपल्या जंगलात आग लागू नये म्हणून रात्र रात्र जागतात, त्यांच्याच गावाच्या कडेला लिथियमचा कचरा पडावा, हे होऊ नये.

आज लाइन पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. बहुतेक गावांत मीटर पोचले, आतल्या वस्त्यांत सौर दिवे आहेत. तरी वादळ आले की दोन-तीन दिवस अंधार ठरलेला, आणि दुर्गापूरची वीज अजूनही आधी दूर जाते.

म्हणून या भागासाठी लॅपटॉप खरेदी करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला, संस्थेला आणि ग्रामसभेला माझी विनंती आहे. निविदेत रॅम आणि डिस्कच्या शेजारी तीन ओळी आणखी घाला: बॅटरी स्थानिक दुरुस्तीवाल्याला बदलता यावी, यूएसबी-सीवर चार्ज व्हावे, आणि तिसऱ्या वर्षी नव्या बॅटरीचा खर्च मूळ मंजुरीतच धरलेला असावा. ज्यांच्याकडे यंत्र आधीच आहे त्यांनी विंडोजमधला बॅटरी रिपोर्ट काढून पाहावा. त्यात मूळची क्षमता ४८,००० आणि आताची ३०,००० मिलीवॉट-तास असे काही दिसले, तर पुढच्या तेंदू हंगामाची वाट न पाहता, एप्रिल संपायच्या आत बॅटरी बदलून घ्यावी. जुनी बॅटरी भंगारात न देता विकणाऱ्याकडेच परत करावी.